तात्कालिक कारण

सॅन होजेच्या आसपास जो मराठी मुलूख पसरला आहे, तिथं कॉलेजांची नावं दोन आवाजांत घेतली जातात. स्टॅनफर्ड आणि बर्कली ही नावं पोहे वाढता वाढता, स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात ऐकू जातील अशी. कम्युनिटी कॉलेजचं नाव शक्यतो पाहुणे गेल्यावर. कुणाचा मुलगा तिथं जात असेल तर त्याची आई सांगते, "सध्या दोन वर्षं तो घराजवळच आहे." ऐकणारीला वाटावं, पोराची तब्येत बरी नसते. दोन वर्षांनी तोच मुलगा तिथूनच बर्कलीला गेला, की मधली दोन वर्षं घराण्याच्या बखरीतून गळून पडतात.

खरं तर ज्या कॉम्प्युटरमुळे आम्ही सगळे इथं आलो, त्याच्या इतिहासातला एक मोठा दिवस कम्युनिटी कॉलेजातच पार पडला. २४ जानेवारी १९८४ रोजी स्टीव्ह जॉब्सनं पहिला मॅकिंटॉश पिशवीतून बाहेर काढला तो क्यूपर्टिनोच्या डी अँझा कॉलेजच्या नाट्यगृहात. त्याचा भागीदार स्टीव्ह वॉझ्नियॅक काही काळ त्याच कॉलेजचा विद्यार्थी होता. टॉम हँक्स हेवर्डच्या शॅबो कॉलेजात शिकला आणि आपल्या आयुष्याचं श्रेय त्या कॉलेजला देणारा लेख त्यानं २०१५ साली वर्तमानपत्रात लिहिला. हे मी एका मैत्रिणीला सांगितलं. ती म्हणाली, "असेल गं. पण त्याला प्लेसमेंट कुठं मिळाली?"

अशा एका कॉलेजात मी इतिहास शिकायला जाते. या वाक्यात लाजिरवाण्या गोष्टी दोन आहेत, त्यामुळे ते एका दमात बोलून टाकलेलं बरं. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण आमच्या वर्गातला एक मुलगा मराठी मंडळातल्या मैत्रिणीचा आहे आणि त्याची आई अजून "तो घराजवळच आहे" या टप्प्यावर आहे.

या कॉलेजचं मुख्य दुखणं असं, की ते कुणालाच नाही म्हणत नाही. आमच्या पिढीचं कॉलेजशी नातं यादीतून जुळलं. पहिली यादी, दुसरी यादी, फळ्याभोवतीची झुंबड, पुढच्याच्या खांद्यावरून घुसवलेली मान. माझं नाव तिसऱ्या यादीत लागलं तेव्हा वडिलांनी पेढे वाटले, कारण शेजारच्यांच्या मुलीचं त्या यादीतही नव्हतं. कॉलेज चांगलं कशावरून? तर तिथून किती जण रडत परत गेले त्यावरून. इथं कुणी रडत परत जातच नाही. मग ते कॉलेज कसलं?

आणि हे काही चुकून झालेलं नाही. १९०१ साली इलिनॉयमधल्या जोलिएट गावात हायस्कूलच्याच जोडीला सहा विद्यार्थ्यांवर असं एक कॉलेज निघालं. आज चालू असलेल्या सरकारी कम्युनिटी कॉलेजांत ते सर्वांत जुनं. कॅलिफोर्नियानं तर १९६० साली उच्च शिक्षणाचा आराखडाच करून टाकला. शाळेतून निघालेल्यांपैकी वरच्या साडेबारा टक्क्यांना युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, वरच्या एकतृतीयांशांना स्टेट युनिव्हर्सिटी, आणि ज्याला म्हणून शिकायचं आहे अशा प्रत्येकाला कम्युनिटी कॉलेज. आता या राज्यात अशी ११६ कॉलेजं आहेत आणि त्यांत सुमारे वीस लाख लोक शिकतात. एवढ्या लोकांना आत घेऊन एकालाही यादी न लावणं हा प्रकार पचायला मला एक अख्खी टर्म लागली.

मी तिथं का गेले, हे शिस्तीत सांगते. सांगलीच्या शाळेत आम्हांला इतिहास कारणांनी शिकवला. कुठलीही घटना घ्या, तिला राजकीय, आर्थिक, सामाजिक, धार्मिक आणि लष्करी कारणं असायची, आणि सगळ्यांत शेवटी, डबल रेघ मारून, तात्कालिक कारण. १८५७ च्या उठावाला काडतुसं, पहिल्या महायुद्धाला साराजेव्होतला खून. तात्कालिक कारण विसरलात तर गुण कापले जायचे.

तर राजकीय कारण असं, की मी या देशाची नागरिक झाले. नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी शंभर प्रश्न पाठ केले होते, पण त्यापलीकडे या देशाचं मला काही ठाऊक नव्हतं आणि मत मात्र मी दर निवडणुकीला देत होते. आर्थिक कारण म्हणजे फी. राज्यात राहणाऱ्याला एका युनिटला ४६ डॉलर, तीन युनिटच्या विषयाला १३८. आमच्या मुलीच्या खाजगी कॉलेजच्या फीशी तुलना करायला गेले आणि कॅल्क्युलेटर मिटून ठेवला. १९८४ पर्यंत तर इथं फी नव्हतीच, असं समजल्यावर नवऱ्यानं आपण उशिरा जन्मल्याबद्दल हळहळ व्यक्त केली. सामाजिक कारण: दोन्ही मुलं घराबाहेर पडली होती आणि गणेशोत्सवाच्या मोदक समितीत माझ्याविरुद्ध बंड झालं होतं. धार्मिक कारण नाही. लष्करी आघाडीवर नवरा. "अगं, शिकायचंच तर पायथॉन शिक, डेटा सायन्स घे. इतिहासाचा उपयोग काय?"

तात्कालिक कारण एवढंच, की कुंभारकामाचा वर्ग भरला होता.

कुंभारकामाला रांग होती, योगासनांना रांग होती, नर्सिंगच्या आधीच्या शरीरशास्त्राला तर विचारूच नका. अमेरिकेच्या इतिहासाच्या वर्गात जागाच जागा होत्या. जे आले होते तेही इतिहासाच्या ओढीनं नव्हते. पुढे विद्यापीठात जायचं तर अमेरिकेचा इतिहास आणि राज्यघटना यांचे शिंतोडे अंगावर घ्यावे लागतात, म्हणून आले होते. मी आपल्या इच्छेनं आले आहे हे पहिल्या दिवशी सांगितलं तेव्हा वर्ग क्षणभर सहानुभूतीनं माझ्याकडे बघत राहिला.

पहिल्या दिवशी प्रत्येकानं आपली ओळख करून द्यायची, आणि स्वतःबद्दल एक मजेशीर गोष्ट सांगायची. अमेरिकन मुलांकडे अशी एक गोष्ट तयार असते. कुणी साप पाळलेला असतो, कुणी डोळे मिटून रुबिकचं कोडं सोडवतो. सैन्यातून परतलेला, सरकारी शिष्यवृत्तीवर शिकणारा एक तिशीतला गडी म्हणाला, "मी तीन खंडांत झोपलो आहे." रात्री ट्रक चालवणारा एक जण होता, नर्सिंगला जाऊ पाहणाऱ्या दोन फिलिपिनो मुली होत्या, फार्मसीवाली एक ढाक्याची मुलगी होती, एक व्हिएतनामी आजी होत्या. त्या चार वेळा हाच विषय वेगवेगळ्या शिक्षकांकडे शिकल्या होत्या आणि कुणाचं चुकतं ते वहीत टिपून ठेवत. मी सांगितलं, की मला पुरणपोळी येते. मजेशीर यात काय आहे, हे समजावायला पूर्ण पाच मिनिटं गेली.

आणि मागच्या बाकावर, हूडी डोळ्यांपर्यंत ओढून, मैत्रिणीचा तो मुलगा. शाळा संपवून आलेला. इथली शाळकरी मुलं शाळेत असतानाच कम्युनिटी कॉलेजचे एकदोन विषय करून टाकतात, म्हणजे पुढे श्रेयांक तयार राहतात. शाळेत जाताना कॉलेजात जाणं ही प्रतिष्ठेची गोष्ट, शाळा संपल्यावर त्याच कॉलेजात जाणं ही अप्रतिष्ठेची. हे गणित मला अजून कुणी समजावलेलं नाही. तो मला ओळख दाखवणार नाही असं उघड ठरलं होतं. दुसऱ्या आठवड्यात माझी पेन्सिल घरंगळत त्याच्या पायाशी गेली आणि जन्मभराच्या संस्कारांनी त्याच्याकडून निघून गेलं, "काकू, तुमची पेन्सिल." संपलं. पुढच्या तासापासून ट्रकवाला मला काकू म्हणू लागला, मग फिलिपिनो मुली, मग आजी. टर्म संपेपर्यंत सरसुद्धा. काकू हे माझं पहिलं नाव आहे असा त्यांचा समज अजून कायम असावा.

सर. या हाकेचंही सांगायला हवं. इथं शिक्षकांना पहिल्या नावानं हाक मारतात. माझी जीभ वळेना. वर्गात त्यांना 'सर' म्हणणारे दोघंच: सैन्यातला तो आणि सांगलीची मी. सर हुशार होते, डॉक्टरेट होते आणि तीन कॉलेजांत तुकड्यातुकड्यानं शिकवत होते. सकाळी एक, दुपारी दुसरं, संध्याकाळी आमचं. अशा प्राध्यापकांना इथं 'फ्रीवे फ्लायर' म्हणतात, कारण त्यांचं निम्मं आयुष्य हमरस्त्यावर जातं. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत पूर्णवेळ शिक्षकांपेक्षा अर्धवेळच जास्त आहेत. मला परकं काहीच वाटलं नाही. माझा मावसभाऊ महाराष्ट्रात तासिका तत्त्वावर, म्हणजे 'सीएचबी'वर, शिकवतो. 'सीएचबी' हा शब्द उच्चारला की त्याच्या घरात जेवणं थांबतात. विद्यार्थ्यांना भेटायला सरांना स्वतःची खोली नव्हती. वाचनालयाबाहेरच्या ओकच्या झाडाखाली एक बाक होता, तिथं ते शंकानिरसन करत. पावसाळ्यात शंका कमी असत.

मराठी माणूस कुठलाही इतिहास शिकायला बसला की मनातल्या मनात एकाच गोष्टीची वाट बघत असतो: मराठे कधी येतात. बॉस्टन शहर १६३० साली वसलं असं सर म्हणाले आणि मी समासात लिहिलं, 'शिवनेरी'. येल विद्यापीठाचं नाव ज्याच्या देणगीवरून पडलं तो एलायहू येल मद्रासचा गव्हर्नर होता आणि त्याच सुमाराला जिंजीला राजाराम महाराज होते, हे मी घरी जाऊन जुळवलं. पण खरी पर्वणी आली ती अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात. एप्रिल १७७५, लेक्सिंग्टनला पहिली गोळी सुटली. माझा हात आपोआप वर गेला. कारण मार्च १७७५ मध्ये राघोबादादांनी इंग्रजांशी सुरतेचा तह केला आणि पहिलं इंग्रज-मराठा युद्ध पेटलं. अमेरिकेचं युद्ध १७८३ ला पॅरिसच्या तहानं मिटलं, आमचं १७८२ ला सालबाईच्या. म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टन आणि नाना फडणवीस एकाच शत्रूशी, एकाच वेळी, बहुधा एकमेकांचं नावही न ऐकता लढत होते. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मराठ्यांनी मुंबईहून आलेल्या अख्ख्या इंग्रज फौजेला कोंडून तह लिहून घेतला. हे मी उभं राहून सांगितलं. बसून सांगण्यासारखी ती गोष्ट नाही.

वर्ग खूश झाला. सैन्यातल्या गड्यानं तर नकाशा मागितला. मग पुढच्या आठवड्यात यॉर्कटाऊन आलं. ऑक्टोबर १७८१, लॉर्ड कॉर्नवॉलिस शरण गेला, पण तब्येतीचं कारण सांगून तलवार द्यायला स्वतः आलाच नाही, दुय्यम अधिकाऱ्याला पाठवलं. अमेरिकन पुस्तकातून तो इथंच बाहेर पडतो. पुढे त्याचं काय झालं हे वर्गात फक्त मला माहीत होतं. १७८६ साली त्याला बंगालचा गव्हर्नर जनरल नेमलं. आमच्याकडे एक सहकारी बँक बुडवलेल्या संचालकाला दुसरीवर घेतात, तसाच हा प्रकार.

"मग तिकडे तुम्ही त्याला पुन्हा हरवलंत?" ट्रकवाल्यानं मोठ्या आशेनं विचारलं.

आता काय सांगणार? १७९० ते १७९२ च्या लढाईत मराठे कॉर्नवॉलिसच्या बाजूनं टिपूवर चालून गेले होते. त्यात हरिपंत फडके होते आणि आमच्याकडचे परशुरामभाऊ पटवर्धनही. मी म्हटलं, "परिस्थिती गुंतागुंतीची होती." सर म्हणाले, "काकू, पेपरात हे वाक्य चालत नाही."

त्यापुढचा प्रसंग मात्र मला शाळेच्या कुठल्याही पुस्तकानं शिकवला नव्हता. सर मूळ साधनांवर बोलत होते. इतिहास कुणी लिहिला, कुणासाठी लिहिला, आणि ज्याच्यावर तो घडला त्याला विचारलं का. बोलता बोलता माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, की मराठा साम्राज्याचा खर्च कोण भागवत असे. मी चौथाई समजावली. समजावताना ती मोठी शहाणी करपद्धती वाटत होती. तेवढ्यात ढाक्याच्या मुलीनं हात वर केला. "हे ते बर्गी का?"

बंगालमध्ये बाळाला झोपवताना आजी जे गाणं म्हणते, त्यात बर्गी येतात. बर्गी म्हणजे आमचे बारगीर, १७४० च्या दशकात बंगालवर चालून गेलेले. कोलकात्याच्या इंग्रजांनी १७४२ साली त्यांच्या भीतीनं शहराभोवती खंदक खणायला घेतला, त्याचं नावच मराठा खंदक. त्या मुलीला यातलं साल ठाऊक नव्हतं, सेनापती ठाऊक नव्हता. बाळ झोपलं आणि बर्गी आले, एवढं ठाऊक होतं. तिनं ते गाणं वर्गात हळू आवाजात म्हणून दाखवलं. चाल इतकी गोड, की फिलिपिनो मुली ठेका धरू लागल्या.

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी ताबडतोब खुलासा केला: "ते नागपूरकर भोसले. आम्ही सांगलीचे."

सर इतके हसले, की त्यांना टेबल धरावं लागलं. मग म्हणाले, की मॅसॅच्युसेट्सची माणसं नेमकं हेच म्हणतात: गुलाम ठेवले ते दक्षिणेकडच्यांनी, आम्ही उत्तरेचे. आणि उत्तरेची जहाजं माणसं वाहून नेत होती, उत्तरेच्या गिरण्या तोच कापूस कातत होत्या. सगळी माणसं समान जन्मतात असं १७७६ साली लिहिणाऱ्या जेफरसननं आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसं मालकीत ठेवली, हे आम्ही त्याच आठवड्यात शिकलो होतो. त्या रात्री मी घरी वाचत बसले, तर १७९१ मध्ये परशुरामभाऊंच्या फौजेबरोबरच्या स्वारांनी शृंगेरीचा मठ लुटला होता आणि मठाला मदत टिपूनं पाठवली होती. म्हणजे सांगलीकडचंही आलंच. हे मी वर्गात काढलं नाही. कुणी विचारलंच नव्हतं.

यथावकाश परीक्षा आली. इथं उत्तरपत्रिका विद्यार्थ्यानं विकत आणायची असते. निळ्या पुठ्ठ्याची पातळशी वही, तिला ब्लू बुक म्हणतात. मी लिहायला बसले, वही संपली, हात वर करून म्हटलं, "सर, पुरवणी." पुरवणी ही संस्था अमेरिकेत नाही. दोरा तर नाहीच. पानं संपली आणि दुसरी वही आणलेली नसेल, तर तुमचं सांगून झालं, असं इथं धरतात. ही पद्धत आमच्या बोर्डात आणली तर निम्मी मुलं पहिल्या प्रश्नातच गारद होतील.

परीक्षेआधी वाचनालयात आमचा अभ्यासगट बसत असे. या मुलांकडे मतं भरपूर, पण सनावळी शून्य. ट्रकवाल्याचं जेफरसनबद्दल अतिशय ठाम मत होतं आणि तो त्याला लिंकनच्या नंतर बसवत होता. मग मी महाराष्ट्र राज्य मंडळाची पद्धत काढली. पान उभं दुभंगायचं, डावीकडे कारणं, उजवीकडे परिणाम. कारणांत राजकीय, आर्थिक, सामाजिक. डबल रेघ. तात्कालिक कारण. यादवी युद्धाला सम्टरचा किल्ला, एप्रिल १८६१. स्वातंत्र्ययुद्धाला लेक्सिंग्टन. मुलांचे चेहरे उजळले. एवढं सोपं असताना आम्हांला कुणी सांगितलं नाही, असं नर्सिंगवाल्या मुली म्हणाल्या. व्हिएतनामी आजींनी ती पद्धत वहीत उतरवून घेतली आणि खाली मायदेशाची साल-तारीख टाकून स्वतःचंच युद्ध त्या रकान्यांत भरून पाहिलं. तात्कालिक कारणाशी थांबल्या. "हे टॉन्किनच्या आखातात घडलं म्हणतात," त्या म्हणाल्या, "पण घडलं होतं का, यावर माझ्या चारही शिक्षकांचं एकमत नाही."

सरांनी पेपर तपासले तेव्हा अर्ध्या वर्गाची उत्तरं सांगली पॅटर्नची निघाली. सगळ्यांना बऱ्यापैकी गुण मिळाले. माझ्या पेपरवर मात्र शेरा होता: 'सगळं बरोबर आहे. पण तुमचं म्हणणं काय?'

हा प्रश्न मी बाकाखाली पुन्हा पुन्हा वाचला. शाळेतली वर्षं, कॉलेजातली वर्षं, इतिहासाचे इतके पेपर लिहिले. माझं म्हणणं कुणी कधी विचारलं नव्हतं. आमच्याकडे विद्यार्थ्याचं म्हणणं म्हणजे उद्धटपणा, आणि इतिहासाबद्दलचं म्हणणं म्हणजे मोर्चा. बाराव्या वर्षापासून मी पानिपतच्या पराभवाची सात कारणं सांगू शकते. त्यातलं मला कुठलं पटतं, हे मलाच माहीत नाही. अमेरिकन मुलांना मतं तयार करायला घाई होते हे खरं, पण त्यांना निदान एवढं कळतं, की मत आपलं आपल्याला तयार करायचं असतं. ते घराण्यातून, गावातून किंवा आडनावातून तयार मिळत नाही.

म्हणून टर्मच्या निबंधात म्हणणं मांडायचं ठरवलं. विषय घेतला अमेरिकेचं यादवी युद्ध आणि मुंबईचा कापूस. १८६१ मध्ये उत्तरेनं दक्षिणेची बंदरं रोखली, लँकेशरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि त्यांनी मुंबईकडे धाव घेतली. मुंबईत पैशांचा पाऊस पडला. कंपन्या निघाल्या, बँका निघाल्या, समुद्र बुजवून जमीन करायची बॅकबे कंपनी निघाली, आणि तिचे शेअर जमिनीपेक्षा जास्त वेगानं वर आले. प्रेमचंद रायचंद हा या खेळातला राजा. ९ एप्रिल १८६५ ला दक्षिणेचा जनरल ली शरण आला, बातमी मुंबईला पोचली, आणि जुलैपर्यंत सगळा बाजार झोपला. प्रेमचंदच्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला आणि तो अजून घंटा देतो. दिनशा वाच्छांनी त्या दिवसांवर पुढे पुस्तक लिहिलं. ती धमाल चालू होती तेव्हा ते मुंबईतच वाढत होते. म्हणजे मूळ साधन. माझं म्हणणं असं, की अमेरिकेच्या दक्षिणेतल्या शेतात कोण राबतंय, यावर गिरगावातला कारकून कर्ज काढून शेअर घेत होता आणि त्याला अमेरिका कुठं आहे हे माहीत नव्हतं.

हा निबंध घरात टेबलावर पडला होता. 'इतिहासाचा उपयोग काय' म्हणणाऱ्या नवऱ्यानं तो उभ्या उभ्या वाचायला घेतला आणि मग खुर्ची ओढून बसला. दुसऱ्या दिवशी त्यानं कंपनीचे साठवलेले शेअर थोडे विकले. मला विचारलं, "अगं, बॅकबेवाल्यांना शेवटी किती मिळाले?" इतिहासाचा उपयोग त्याला कळला तो हा. पुढच्या निबंधाचा विषय काय घेणार आहेस, अशी चौकशी तो अधूनमधून करतो, आणि त्यात मला प्रेमापेक्षा बाजाराचा वास येतो.

यादवी युद्धानंतरचा भाग आला तेव्हा मी सरांना जोतीराव फुल्यांच्या 'गुलामगिरी'बद्दल सांगितलं. १८७३ साली पुण्यात निघालेलं ते पुस्तक, गुलामांना मुक्त केल्याबद्दल अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलेलं. सरांना हे माहीत नव्हतं. ट्रकवाला म्हणाला, "पण १८७३ मध्ये तर इथं परत सगळं बिघडायला लागलं होतं." बरोबर होतं त्याचं. १८७७ मध्ये दक्षिणेतलं शेवटचं केंद्रीय सैन्यही बराकीत परतलं आणि मुक्त झालेल्यांना जुन्या मालकांच्या हवाली केलं गेलं. फुल्यांनी आदर्श म्हणून ज्या देशाकडे पाहिलं, तो देश त्याच वर्षांत मागे फिरत होता, हे मला ट्रक चालवून जागरणानं डोळे लाल झालेल्या माणसानं दाखवलं. जेफरसन आता त्याच्या डोक्यात लिंकनच्या आधी येतो.

मैत्रिणींचे प्रश्न अजून संपलेले नाहीत. "सर्टिफिकेट मिळतं का?" ठरलेले विषय पुरे केले तर मिळतं. "मग पुढे पीएचडी?" नाही. "म्हणजे नुसतंच शिकतेस?" या 'नुसतंच'ला त्या असा हेल काढतात, की समोरची सावध व्हावी. पण परवा त्यांच्यातल्याच एकीनं फोनवर, नवरा आसपास नाही याची खात्री करून, विचारलं, "तिथं पार्किंग मिळतं का गं?" तिचं तात्कालिक कारण काय असेल, ते मी विचारलं नाही.

तेव्हा तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या इतरांसाठी एकदाच सांगून ठेवते. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. वयाची अट नाही. पार्किंग मिळतं, पण पहिल्या दोन आठवड्यांत अर्धा तास आधी या. नर्सिंगला रांग आहे, कुंभारकामाला रांग आहे. इतिहासाच्या वर्गात जागा आहेत.